सल्ला एकाचा, जोखीम दुसऱ्याची

(टेंभुर्णी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी गौरवाचे चार शब्द बोलून मग मूळ विषयाकडे वळावे असा प्रघात आहे. परंतु तो गौरव करण्याचा खरा अधिकार त्यांच्या विद्यार्थ्यांचा, आणि ते विद्यार्थी तर समोरच बसलेले, म्हणून तो प्रघात मोडून, ज्या व्यवसायात त्यांनी आपली हयात घालविली त्या व्यवसायाला अलीकडे जी एक नवी शाखा फुटली आहे, तिच्यातील धर्माधर्माचा विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे. शाळेच्या पटाबाहेर राहून, फी घेऊन वाट दाखविणारा मनुष्य हा या शाखेचा प्रतिनिधी होय. स्पर्धा परीक्षेच्या क्लासात त्याला सर म्हणतात, कंपनीत कोच किंवा मेंटॉर म्हणतात, तालमीत तो पूर्वीपासून वस्ताद आहेच, आणि डाळिंबाच्या बागेत त्याची मोटारसायकल येऊन थांबली की घरातली माणसे 'साहेब आले' म्हणून चहाचे आधण ठेवतात.

या विषयाला टेंभुर्णीसारखे गाव मिळावे हा एक योगच म्हटला पाहिजे. पुण्याहून सोलापूरला जाणारा हमरस्ता या गावावरून जातो आणि कुर्डुवाडी-बार्शीमार्गे लातूरला जाणारा रस्ता येथूनच फुटतो. त्यामुळे दहावीची गुणपत्रिका हाती पडताच वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी लातूरची वाट धरणारा मुलगा आणि पदवी पदरात पडल्यावर राज्यसेवेच्या आशेने पुण्याची एस. टी. पकडणारा मुलगा, हे दोघे एकाच चौकात एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, भीमेचे पाणी अडले, जिराईत रानात ऊस उभा राहिला, आणि त्या उसाच्या बिलाचा हप्ता आज सदाशिव पेठेतील 'कॉट बेसिस'च्या खोलीचे भाडे, मेसचा डबा, अभ्यासिकेची मासिक फी आणि टेस्ट सिरीजचे पैसे यांत वाटला जातो. धरणाच्या कालव्यांचा आणि चाऱ्यांचा नकाशा पाटबंधारे खात्याच्या दप्तरी आहे. पाण्याची ही शेवटची चारी मात्र कोणत्याही नकाशावर काढलेली नाही.

वकिली करणाऱ्यास सनद लागते आणि गैरवर्तन शाबीत झाल्यास ती काढून घेता येते. वैद्याचे नाव परिषदेच्या पटावर असते आणि तेथून ते खोडता येते. गावच्या तलाठ्याने सात-बाऱ्यावर चुकीची नोंद ओढली तर त्याच्यावर मामलेदार आणि मामलेदारावर प्रांत असतो. मार्गदर्शन करून पैसे घेणाऱ्या माणसाला असा कोणताही पट नाही आणि त्याचे नाव खोडील असा कोणी वरिष्ठही नाही. त्यात त्याच्या कामाचा स्वभावच असा आहे, की सल्ला एकाने द्यावयाचा आणि परिणाम दुसऱ्याने भोगावयाचा. रोगी औषधाने दगावला तर निदान शवचिकित्सा होऊ शकते. परंतु एखाद्याच्या आयुष्याची पाच वर्षे सल्ल्याने वाया गेली की दैवाने गेली, याची चिकित्सा करण्याची कोणतीही रीत अद्याप निघालेली नाही. म्हणून या व्यवसायातील प्रत्येक पेचाला मी एकच प्रश्न विचारतो : या सल्ल्याची किंमत कोणाच्या खाती पडणार आहे?

क्लासपासून आरंभ करू. पाचव्या वर्षाच्या एका उमेदवाराची कल्पना करा. कल्पनेला फारसे कष्ट पडणार नाहीत, कारण असा एखादा प्रत्येक वाडीत आहे. त्याची प्री दोनदा निघाली, मेन्सला तो अडकला. एकदा 'दोन मार्कांनी गेलं', एकदा जाहिरातच लांबली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो सरांच्या केबिनमध्ये जाऊन खुर्चीच्या कडेवर बसतो आणि विचारतो, "सर, अजून एक अटेम्प्ट देऊ का?" समोर बसलेला मनुष्य बहुधा दुष्ट नसतो. पुष्कळदा तो स्वतःच मुलाखतीपर्यंत जाऊन परतलेला असतो, त्यामुळे त्या मुलाचे दुःख त्याला इतर कोणाहूनही अधिक ठाऊक असते. गेल्या पाच वर्षांतले त्याचे टेस्टचे पेपर त्याने पाहिलेले असतात, त्याची गती कोठे थांबली हे त्याने ओळखलेले असते, आणि तरीही त्याच्या तोंडून जे वाक्य बाहेर पडते ते असे असते : "तुझं होणारच आहे रे, थोडा पेशन्स ठेव." या वाक्याला सरांना काहीही खर्च नाही. उलट, ते उच्चारले नाही तर एक फी बुडते, एक अभ्यासिकेची खुर्ची रिकामी होते आणि हॉलचे भाडे तर थांबत नाही. तिकडे गावी मुलाचा फोन येतो तेव्हा बाप "उसाचं बिल आलं की टाकतो" एवढेच म्हणतो. सोसायटीचे कर्ज त्याने नवे-जुने केलेले असते, धाकटीचे लग्न एक वर्ष पुढे ढकललेले असते, आणि ही दुसरी बाजू सरांच्या केबिनमध्ये कधीही मांडली जात नाही, कारण ती मांडण्याची त्या मुलालाच लाज वाटत असते.

आता आकडे पाहू, कारण आशेच्या बाजारात आकडा हीच सर्वांत दुर्मिळ जिन्नस आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेस १०,१६,८५० जणांनी अर्ज केले, पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष ५,९२,१४१ जण बसले, आणि शेवटी नियुक्तीसाठी शिफारस झाली ती १,०१६ जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे ५८० जणांमागे एक. हा आकडा कोणत्याही क्लासच्या भिंतीवर लावलेला मी पाहिला नाही. भिंतीवर असतात ते त्या एकाचे फोटो. आपल्या शेजारच्या बार्शी तालुक्यातील महागावचे रमेश घोलप हे बांगड्या विकणाऱ्या आईचा मुलगा असून भारतीय प्रशासकीय सेवेत गेले, ही हकीकत खरी आहे, ऊर भरून यावा अशी आहे, आणि ती पोरांना सांगितलीच पाहिजे. माझी तक्रार ती सांगण्याबद्दल नाही. जो मार्गदर्शक तेवढीच सांगतो आणि उरलेल्या ५७९ जणांचे काय झाले हे सांगत नाही, त्याच्याबद्दल आहे.

फोटोंची कथा तर आणखी निराळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कित्येक नामांकित क्लासेसना दंड केला तो ज्या कारणासाठी, ते ऐकण्यासारखे आहे : यशस्वी उमेदवारांपैकी पुष्कळांनी त्या संस्थेत केवळ मुलाखतीपूर्वीचे मार्गदर्शन, तेही फुकटातले, घेतले होते, पूर्व आणि मुख्य परीक्षा ते स्वतःच्या बळावर किंवा दुसऱ्याच्या हाताखाली पार करून आले होते, जाहिरातीत मात्र ते सर्वस्वी संस्थेचे शिष्य म्हणून मिरविले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवाराचे नाव आणि छायाचित्र वापरावयाचे तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम केला हेही सांगावे लागते. 'निवड झाल्यानंतर' हे शब्द मला फार मार्मिक वाटतात. प्रवेशाच्या दिवशी फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात घेतलेली संमती ही गरजवंताची संमती असते, आणि गरजवंताला अक्कल नसते हे आपली म्हण सांगतेच. श्रेयाच्या बाबतीत याच माढा तालुक्याने एक उलट उदाहरण घालून दिले आहे : परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून दिली. ज्याच्या हाती श्रेय आले त्याने ते वाटले. ज्यांच्या हाती ते नव्हते ते इतरांचे उचलून आपल्या फलकावर लावीत राहिले.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी जे नियम सुचविले, त्यांत सोळा वर्षांखालील मुलाला प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, मध्येच सोडून जाणाऱ्यास उरलेल्या मुदतीची फी दहा दिवसांत परत करावी, आणि चाचण्यांचे निकाल सर्वांसमक्ष लावू नयेत, अशा बाबी आहेत. नियम बरे आहेत. तथापि 'थांब' म्हणण्याची वेळ कोणती, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिता येणार नाही.

असा प्रश्न शेतातही येतो, आणि तो आपल्याला अधिक परिचयाचा आहे. डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग शिरला, किंवा सांगोल्याकडे ज्याने कित्येक बागा काढावयास लावल्या तो खोडाला भोके पाडणारा बारीक भुंगेरा दिसू लागला, की शेतकरी एकरी ठरलेली फी देऊन सल्लागार लावतो. तो पंधरवड्याला येतो, पाने चाळतो, आणि वहीत फवारणीचे 'शेड्यूल' लिहून देतो; त्यातील औषधे एका ठरावीक कृषी सेवा केंद्रातच मिळतात, आणि ती तेथेच का मिळतात हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे. तेथील शास्त्रज्ञाला औषधाच्या विक्रीतून काही मिळावयाचे नसते, म्हणून 'हा बहार धरू नका, झाडाला विश्रांती द्या' किंवा 'ही ओळ उपटून जाळा' हे त्याला सांगणे तुलनेने सोपे जाते. फी घेणाऱ्या सल्लागाराला तेच सांगणे कठीण जाते, कारण ज्या दिवशी बाग जाळली त्या दिवशी त्याची फीही जळाली. येथे कोणी लबाड आहे असे गृहीत धरण्याचे कारण नाही. ज्याचे उत्पन्न एका विशिष्ट उत्तरावर अवलंबून आहे, त्याला ते उत्तर प्रामाणिकपणेच खरे वाटू लागते. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि लबाडीपेक्षा तो अधिक घातक आहे, कारण लबाडाला निदान आपण काय करीत आहोत याची जाणीव असते.

याच्या उलट, किंमत मार्गदर्शकाने स्वतःच्या खाती घेतल्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात आहे, आणि त्याकडे थोडे निवांतपणे पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. वर्गणीची झोळी फिरली, गोळेश्वरच्या लोकांनी आपापल्या परीने टाकले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण नेहमी येथे थांबवितो आणि टाळ्या वाजवितो. मला तिच्या पुढच्या भागात अधिक रस आहे. कोल्हापूरला परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचा फड भरविला, त्यात स्वतः लढले, आणि जिंकलेली रक्कम आपल्या प्राचार्यांच्या हवाली केली.

विचार करा, या व्यवहारात शिष्यावर केवढे ओझे होते. ज्याच्यासाठी गुरूने घर गहाण टाकले आहे, त्याला हरण्याचे स्वातंत्र्य राहते काय? कुस्ती ही हरजितीची विद्या आहे. खांदा निखळला असता, ताप भरला असता, तर त्याने मॅटवरून उतरावयाचे की गहाणखत आठवून लढावयाचे? खर्डेकरांनी ही जोखीम स्वतःच्या नावे लिहिली, म्हणून त्यांचे औदार्य निष्कलंक राहिले; तथापि औदार्यही माणसाला बांधते, आणि ज्याला मार्गदर्शक व्हावयाचे त्याने आपल्या उपकाराचे वजन समोरच्याच्या मानेवर किती पडते हे अजमावून पाहिले पाहिजे. आमच्या जुन्या वस्तादांना हे कळत होते. खुराकाचा खर्च कोणी केला याचा उच्चार जोड लावताना करू नये, असा संकेत चांगल्या तालमीत होता. आणि इनामाच्या लोभाने कच्च्या पैलवानाला भारी जोडीवर सोडणारा वस्ताद फडात नावाजला तरी तालमीत नावाजला जात नसे.

हेलसिंकीचा आणखी एक प्रसंग सांगितला जातो. जपानच्या शोहाची इशीबरोबर दीर्घकाळ झुंज दिल्यावर खाशाबांना लगोलग सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोवविरुद्ध उतरविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान तीस मिनिटांची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु तो नियम दाखवून हरकत घेण्यासाठी एकही भारतीय पदाधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेला मल्ल उतरला आणि हरला. मार्गदर्शकाच्या अधर्माची आपण जी यादी करतो, तीत पैसे खाणे असते, पक्षपात असतो, व्यभिचार असतो. केवळ गैरहजेरी तीत कधी नसते. वस्तुतः सर्वांत अधिक नुकसान तिनेच होते. दोनशे मुलांना 'पर्सनल मेंटॉरशिप' विकणारा मनुष्य त्यांपैकी एकालाही नावाने ओळखत नसेल, तर तो त्या हेलसिंकीच्या पदाधिकाऱ्यांच्या पंगतीतच बसतो, फरक एवढाच की त्यांनी फी घेतली नव्हती.

आता गुप्ततेचा पेच. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत हल्ली वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांसाठी कोच नेमतात. या धंद्याची आंतरराष्ट्रीय संस्था १९९५ साली स्थापन झाली आणि तिची आचारसंहिताही आहे. येथे पैसे देणारी कंपनी, बोलणारा अधिकारी आणि ऐकणारा कोच अशी तीन टोके असतात. अधिकारी चौथ्या बैठकीत सांगतो, "मी दिवाळीनंतर सोडणार आहे", आणि त्याच आठवड्यात कंपनीचा मनुष्यबळ विभाग कोचला विचारतो, "यांना बढती देण्याचा विचार आहे, तुमचे मत काय?" आचारसंहिता म्हणते, काय कळवावयाचे आणि काय नाही हे आरंभीच तिघांनी ठरवून घ्यावे. ठीक आहे; परंतु आरंभी ठरविताना कोणालाही दिवाळी दिसत नसते. आपल्याकडे सारथी, बार्टी आणि महाज्योती या शासकीय संस्था गरीब उमेदवारांची फी भरून त्यांना खासगी क्लासमध्ये पाठवितात, तेव्हाही हीच त्रिकोणी गाठ पडते. फी सरकारची, मूल बापाचे, आणि हजेरीचा तक्ता क्लासच्या हातात. आईच्या आजारपणात गावी राहिलेल्या मुलीचे विद्यावेतन एका गैरहजेरीच्या नोंदीने अडणार असेल, तर त्या तक्त्यावर बसलेल्या शिक्षकाने काय लिहावे? खोटी हजेरी लावू नये, एवढे मी निःशंकपणे म्हणेन. पण कारणाचा रकाना रिकामाही सोडू नये, आणि तो तक्ता वर पाठविण्याआधी मुलीला दाखवावा.

गुप्ततेची किंमत कोण भरतो, याचा धडा मला १८९७ सालात सापडतो. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास विलायतेत होते, आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची पत्रे त्यांना येत होती. त्या पत्रांवर विसंबून त्यांनी तेथील वर्तमानपत्रात जाहीर आरोप केला. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या अधिकाऱ्यावर २२ जूनला गोळी झाडली गेल्यामुळे वातावरण पेटलेलेच होते, आणि परत आलेल्या गोखल्यांकडे पुराव्याची मागणी झाली. पुरावा म्हणजे पत्रे लिहिणाऱ्यांची नावे. ती दिली असती तर गोखल्यांची मान ताठ राहिली असती आणि लिहिणाऱ्यांच्या गळ्याभोवती सरकारचा फास पडला असता. गोखल्यांनी नावे उघड केली नाहीत. ऑगस्टमध्ये गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची आणि सोजिरांची बिनशर्त माफी मागितली, आणि त्यानंतर स्वदेशीयांकडून झालेली निर्भर्त्सना मुकाट्याने सोसली. त्या माफीबद्दल मतभेद होते आणि आजही असतील. शब्द अधिक सौम्य वापरता आले असते असे मलाही वाटते. परंतु विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचे मोल सांगणाऱ्याने भरावयाचे की ऐकणाऱ्याने, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. जे गोखले वर्षानुवर्षे न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली एकेक अर्ज, एकेक आकडा पुनःपुन्हा तपासून घडले होते, त्यांच्याकडून पुराव्याच्या बाबतीत घाई झाली; पण विश्वासाच्या बाबतीत ते डगमगले नाहीत.

याला अपवाद एक, आणि तेथे मौन हाच अपराध होतो. मूल जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा बोलू लागले, मग ती थट्टेत असो वा रात्री अडीचच्या संदेशात असो, तर मार्गदर्शकाने तत्क्षणी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवावे. 'त्याने विश्वासाने सांगितले होते' ही सबब तेथे चालणार नाही. २०२१ साली मुलाखतीची वाट पाहत थकलेल्या पुण्यातील एका उमेदवाराने मृत्यू पत्करला, तेव्हा सबंध महाराष्ट्र हळहळला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत, कोचिंग केंद्रांसह, निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असा आदेश दिला आहे. आपल्या गावचा मुलगा ज्या क्लासात जातो तेथे तो समुपदेशक कोणत्या वारी, कोणत्या खोलीत बसतो, हे बापाने फी भरण्याआधी विचारावे. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर उत्तर मिळालेच म्हणून समजावे.

बडोद्याचा करारनामा मी मुद्दाम शेवटाकडे राखून ठेवला, कारण तो मला सर्वांत अवघड वाटतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला ओळखले, त्याला पुस्तके दिली, आणि सयाजीराव महाराजांपाशी शब्द टाकला. १९१३ साली महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन तो तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. जाण्यापूर्वी परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असे त्याने लिहून दिले होते. १९१७ च्या सप्टेंबरात तो करार पाळण्यासाठी बडोद्यास रुजू झाला. दप्तरातले शिपाई त्याच्या टेबलावर कागद दुरून फेकीत. राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी उतारूघरात त्याने आसरा घेतला होता तेथून त्याला दमदाटी करून बाहेर काढण्यात आले, आणि उच्चविद्याविभूषित आंबेडकर मुंबईला परतले. महाराज उदार होते, केळुसकर निष्कपट होते. दोष दोघांचाही काढवत नाही. पण त्या करारनाम्यात शिष्याने किती वर्षे राबावे याचे कलम होते, आश्रयदात्याने त्याला माणसासारखे राहू द्यावे याचे कलम नव्हते. आज क्लासच्या पावतीमागे छापलेल्या अटी वाचून पाहा. त्याही सर्व विद्यार्थ्याला बांधणाऱ्या आढळतील.

आणि येथेच माझ्या स्वतःच्या मताविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप मला दिसतो. 'थांब' म्हणण्याचे धैर्य मार्गदर्शकाने दाखवावे, असे मी मघापासून म्हणत आहे. परंतु या देशात शिक्षकाच्या तोंडच्या 'थांब' या शब्दाचा इतिहास काय आहे? 'तुला हे झेपणार नाही', 'तुमच्यातल्या पोरांनी एवढे शिकून काय करायचे', 'मुलीच्या जातीला कशाला' हे सल्लेही मार्गदर्शकांनीच, पुष्कळदा कळवळ्याने, दिलेले आहेत. ते ज्यांनी ऐकले ते परत गावी गेले; ज्यांनी झुगारले त्यांच्यामुळे तुम्ही आणि मी आज या मांडवात एका सतरंजीवर बसलो आहोत. शिवाय सहाव्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेला मनुष्य प्रत्येकाच्या ओळखीत असतो, आणि पाचव्यानंतर कोणी त्याला थांबविले असते तर तो आज कोठे असता, हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. खुल्या प्रवर्गाला सहा, इतर मागासवर्गाला नऊ, आणि अनुसूचित जाती-जमातींना वयाच्या मर्यादेपर्यंत कितीही, अशा संधी केंद्रीय आयोगाने ठेवल्या आहेत. ज्याला सरकार थांबवीत नाही त्याला क्लासवाल्याने कोणत्या अधिकाराने थांबवावे?

या आक्षेपाचे पुरते निरसन माझ्यापाशी नाही. एवढे मात्र मला दिसते, की 'तुझी कुवत नाही' असे सांगणे आणि 'तुझा हिशेब असा आहे' असे सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात मार्गदर्शक न्यायाधीश होतो. दुसऱ्यात तो कारकुनाच्या पायरीवर उतरतो, आणि ती पायरीच त्याला शोभते. वय किती झाले, संधी किती उरल्या, पाच वर्षांतले गुण कोणत्या विषयात चढले आणि कोणत्यात जागच्या जागी राहिले, घरून किती पैसे आले आणि कोणत्या कर्जातून आले, हे सर्व एका कागदावर मुलाच्या हाताने लिहवून घ्यावे. आणि त्या कागदाच्या शेवटी मार्गदर्शकाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहावी, की 'तू थांबलास तर माझे इतके रुपयांचे नुकसान आहे, तेव्हा माझा सल्ला ऐकताना हे ध्यानात ठेव'. मग निर्णय त्या मुलाचा. तो सहाव्यांदा बसला आणि हरला तरी त्याला फसविले गेले असे होणार नाही, आणि जिंकला तर त्याचा फोटो कोणी लावावयाचा हे तोच ठरवील.

व्याख्यानमालेच्या चालकांना एक सूचना करून आपली रजा घेतो. दरवर्षी या व्यासपीठावर परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचे सत्कार होतात, ते होऊ द्यावेत. पुढल्या वर्षी त्यांच्या जोडीला, पुण्याहून पोस्ट न निघता परतलेल्या आणि आता येथेच दूध संकलन, केळीचा माल किंवा औद्योगिक वसाहतीतली नोकरी सांभाळणाऱ्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला बोलवावे. त्यांना भाषण करावयास लावू नये. कोणत्या वर्षी त्यांच्या सरांनी त्यांना काय सांगितले, आणि त्या वर्षीची फी किती होती, एवढे दोनच प्रश्न सभेत विचारावेत, आणि समोरच्या रांगेत दहावी-बारावीच्या मुलांच्या बापांना बसवावे.